टेबलापलीकडची स्क्रीन

कॉम्प्युटर एक, स्क्रीन तीन आणि माउस दोन, अशी त्या घरातली मांडणी होती.

नवरा-बायको मिळून बसच्या वेळापत्रकांची पानं तयार करायचे. बस कंपनीच्या कचेरीतून कच्चे तक्ते यायचे. कुठली बस, कुठला थांबा, किती वाजता. त्यांची नीट पानं लावायची, मग ती छापून थांब्याथांब्यावर काचेमागे लागायची. वर्षातून दोनदा, उन्हाळी आणि हिवाळी. मधल्या काळात किरकोळ फेरफार. अठरा वर्षं दोघांनी हेच केलं. तो पानं लावायचा, ती तपासायची.

टेबल खोलीच्या मधोमध होतं आणि दोघं समोरासमोर बसायची. त्याच्या बाजूला दोन स्क्रीन, तिच्या बाजूला एक, पाठीला पाठ लावून. मान वर केली तर स्क्रीनवरून एकमेकांची कपाळं तेवढी दिसायची. ती रागावली आहे की हसते आहे हे तो कपाळावरून ओळखायचा.

तिची स्क्रीन नंतर आली. आधी ती छापील कागदावर तपासायची. सहा वर्षांपूर्वी तिला बारीक आकडे दिसेनासे झाले, तेव्हा तिने स्वतःची स्क्रीन मागितली. गल्लीच्या टोकाला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. ते चालवणारी बाई कॉम्प्युटरचा डबा उघडून बघून म्हणाली, "काकू, या ग्राफिक्स कार्डाला दोनच स्क्रीन लागतात. तिसरीला दुसरं कार्ड पाहिजे."

"जुन्या कॉम्प्युटरमधलं एक कपाटात पडलंय. ते चालेल का?"

दुरुस्तीवालीने ते कार्ड उलटसुलट करून बघितलं. "चालेल. पण कंपनी वेगळी, वय वेगळं. दोन घरच्या जावा एका ओट्यावर उभ्या करताय. भांडल्या तर मला बोलवायचं नाही."

"भांडतील आणि गप्प बसतील," ती म्हणाली. "आमचं काय वेगळं चाललंय?"

कार्डं भांडली नाहीत. नव्या कार्डावर त्याच्या दोन स्क्रीन, जुन्यावर तिची एक, सहा वर्षं सुरळीत चाललं. भांडण झालं ते माउसवरून. दोघांना एकेक माउस होता, पण कॉम्प्युटर एकच, त्यामुळे स्क्रीनवरचा बाणही एकच. तिने माउस हलवला की बाण त्याच्या हातातून निसटून तिकडे जायचा. कॉम्प्युटरच्या लेखी तिची स्क्रीन त्याच्या डावीकडे होती. डावीकडच्या कडेतून बाण नाहीसा झाला की समजायचं, तिने नेला.

"अगं, मी काम करतोय."

"मग मी काय भाजी निवडतेय?"

"दोन मिनिटं दे इकडे."

"मागून घ्यायची पद्धत असते. नीट मागा."

तो नीट मागायचा नाही. तो माउस दाणदाण उजवीकडे ओढायचा, ती डावीकडे ओढायची, आणि तो बिचारा बाण कडेवर थरथरत राहायचा. शेवटी पलीकडचं कपाळ हलायला लागायचं. म्हणजे ती हसते आहे.

कीबोर्ड एकच होता. तो बहुतेक त्याच्याकडे असायचा. दुपारी जेवून तो अर्धा तास पडायचा तेव्हा ती कीबोर्ड टेबलावरून ओढून घ्यायची. काय करतेस विचारलं तर बातम्या वाचते म्हणायची.

कामाचा एक नियम होता आणि तो तिने घातला होता. एकमेकांच्या स्क्रीनकडे जायचं नाही. पान तपासणाऱ्याने ते तयार होताना बघितलं की डोळ्यांना सवय होते, मग चूक दिसत नाही, असं तिचं म्हणणं. पानं लावून झाली की वाचन असायचं. ती तिच्या स्क्रीनवर मूळ तक्ता उघडून मोठ्याने वाचायची आणि तो आपल्या पानावर बोट फिरवायचा. "पाच चाळीस, पाच बावन्न, सहा चार." ओळ संपली की ती पेनाने टेबलावर टक करायची. चूक सापडली की तो म्हणायचा, "थांब." ती थांबायची. तो दुरुस्त करायचा आणि म्हणायचा, "हं." ती पुढे वाचायची. पान संपलं की दर वेळी न चुकता विचारायची, "शेवटची ओळ आली का?"

"आली गं बाई."

"नुसतं आली म्हणू नका. बघून सांगा."

या प्रश्नाने त्याचं डोकं फिरायचं. अठरा वर्षांत शेवटची ओळ कधी राहिली नव्हती. तशा इतर चुकाही फार निघायच्या नाहीत. पानाला एखादी, कधी तीही नाही. "आज पान स्वच्छ आहे हं," ती म्हणायची, आणि तो वर न बघता मान डोलवायचा. आपला हात साफ आहे याचा त्याला मनातून अभिमान होता.

दहा महिन्यांपूर्वी ती गेली. दवाखान्यात नेली तेव्हा आठवड्याने घरी येईल म्हणाले होते. आली नाही. त्या दिवशी तो घरी परतला तेव्हा तीनही स्क्रीन चालूच होत्या. टेबलाला वळसा घालून त्याने तिच्या स्क्रीनचं बटण दाबलं आणि ती काळी झाली. तिच्यावर काय आहे ते त्याने बघितलं नाही.

कॉम्प्युटरला मात्र यातलं काही कळलं नव्हतं. वायर लागलेली होती, जुनं कार्ड चालू होतं, त्यामुळे त्याच्या हिशेबी ती स्क्रीन होतीच. माउस जरा जास्त डावीकडे गेला की बाण अजून तिकडे निघून जायचा आणि काळोखात हरवायचा. त्याला तो अंदाजाने ओढून परत आणावा लागायचा. दिवसातून दहादा तरी व्हायचं. मुलगी दर रविवारी फोन करायची. तिला त्याने एकदा हे सांगितलं.

"अहो बाबा, सेटिंगमध्ये जाऊन ती स्क्रीन काढून टाका ना. एक मिनिटाचं काम आहे."

"बघतो," तो म्हणाला, आणि बघितलं नाही. बाण तिकडे जातो म्हणजे तिकडे अजून जागा आहे. हे मुलीला फोनवर कसं सांगायचं ते त्याला समजेना, म्हणून त्याने हवेचा विषय काढला.

उन्हाळी वेळापत्रक त्याने एकट्याने केलं. वाचायला कोणी नव्हतं, म्हणून मनात वाचलं, दोनदा वाचलं. आपला हात साफ आहे या भरवशावर पानं पाठवून दिली. छापून लागल्यावर तिसऱ्या दिवशी कचेरीतल्या कारकुनाचा फोन आला. अकरा नंबरची सकाळची पहिली बस सहा चाळीसला सुटते आणि पानावर सहा दहा छापलं होतं. चौदा थांब्यांवर माणसं अर्धा अर्धा तास उभी राहिली होती.

त्याने दुरुस्तीच्या पट्ट्या छापून घेतल्या आणि स्वतः चौदाही थांब्यांवर जाऊन चिकटवल्या. एका थांब्यावर पहारेकऱ्याच्या कपड्यातली एक बाई उभी होती. पट्टी चिकटवेपर्यंत ती बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्हीच का ते?"

"हो."

"तीन दिवस कामावर उशिरा पोचले. मला वाटलं माझंच घड्याळ बिघडलं." एवढं बोलून तिने तोंड फिरवलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

कारकून जुना ओळखीचा होता. त्याने सरळ सांगितलं, "तुमच्याबद्दल मी शब्द टाकलाय. पण हिवाळ्याच्या पानात एक जरी चूक निघाली तर काम बाहेरच्या एजन्सीला जाणार. माझ्या हातात काही राहणार नाही."

"समजलं."

"कोणाला तरी तपासायला घ्या हो."

"बघतो," तो म्हणाला. हल्ली सगळ्यांना तो हेच उत्तर द्यायचा. पैशाची तशी चणचण नव्हती. पण हे काम गेलं तर सकाळी उठून त्या टेबलाशी बसायला काही कारण उरणार नव्हतं, आणि त्या टेबलाशिवाय घरात बसण्याजोगी दुसरी जागा त्याला माहीत नव्हती.

हिवाळ्याची एकेचाळीस पानं शुक्रवारी दुपारी बारापर्यंत द्यायची होती. मंगळवारी शेवटचं पान लावून झालं. बुधवारी सकाळी तपासायला बसला तर पाच मिनिटांत दोन्ही स्क्रीन गोठल्या, काळ्या झाल्या, उजळल्या आणि पुन्हा गोठल्या. त्याने कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. पुन्हा पाच मिनिटं. असं सहा वेळा झाल्यावर तो गल्लीच्या टोकाला गेला.

दुरुस्तीवाली दुकानाला कुलूप लावून लगेच आली. बायको गेल्यानंतर ती पहिल्यांदाच या घरात येत होती. खोलीत आल्यावर क्षणभर ती टेबलापलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मग खाली मान घालून कामाला लागली. तासभर तिने काय काय करून बघितलं.

"काका, रात्री याने आपोआप अपडेट घेतलंय. नव्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, बदलला. त्याचं आणि जुन्या कार्डाचं आता पटत नाही. मी मागचा ड्रायव्हर परत टाकून बघितला, तरी तेच."

"म्हणजे भांडली शेवटी."

"भांडली. सहा वर्षं नांदली, तेच पुष्कळ झालं." ती उठून उभी राहिली. "जुनं काढावं लागेल."

त्याने टेबलापलीकडे बघितलं.

"तुमच्या दोन स्क्रीन नव्यावर आहेत, त्या चालतील. पानं कुठे जात नाहीत. फक्त तिकडची..." तिने हाताने तिकडे दाखवलं. "ती तशीही बंदच आहे ना?"

"बंद नाही. बटण बंद आहे."

दुरुस्तीवालीने त्याच्याकडे बघितलं. असल्या बोलण्यावर हसणारी बाई होती ती, पण हसली नाही. "तिन्ही एकदम चालवणारं एक कार्ड येतं. मागवायला आठवडा लागेल. तुम्हाला पानं कधी द्यायची आहेत?"

"परवा."

"मग?"

तो खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. दुसरा काही उपाय आहे का, असं त्याने दोनदा विचारलं आणि तिने दोनदा शांतपणे नाही म्हणून सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "काढ."

डबा टेबलाखाली बायकोच्या बाजूला होता. दुरुस्तीवाली गुडघे टेकून बसली, बाजूचा पत्रा काढला, एक पेच फिरवला आणि जुनं कार्ड हलकेच ओढून वर घेतलं. त्याच्या पंख्यात धूळ माखली होती आणि पात्यांना निळे तंतू गुंडाळले होते.

"हे काय अडकलंय बघा. लोकर."

त्याने कार्ड हातात घेतलं. थंडीत ती डब्यावर पाय ठेवून बसायची. ऊब लागते म्हणायची. गरम हवेच्या तोंडावर पाय ठेवू नकोस, कॉम्प्युटर तापेल, असं तो किती वेळा ओरडला असेल. "मोजे," तो म्हणाला. "निळे होते."

दुरुस्तीवालीने पत्रा लावला आणि कॉम्प्युटर सुरू केला. दोघं त्याच्या बाजूला उभी राहून बघत होती. डावी स्क्रीन उजळली, उजवी उजळली. आणि मग डाव्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एकावर एक पिवळे चौकोन उमटायला लागले. एक, दोन, पाच, सात.

"व्हायरस?" त्याने विचारलं.

"छे. या चिकट नोंदी आहेत. आपण कागदावर लिहून चिकटवतो तशा, इथे स्क्रीनवर. कॉम्प्युटर सुरू झाला की आपोआप उघडतात." ती वाकून बघायला लागली. "तिकडच्या स्क्रीनवर असणार. ती स्क्रीन गेली, म्हणून त्या इकडे..." ती वाचता वाचता थांबली आणि सरळ झाली. "काका, मी निघते. काही लागलं तर फोन करा."

"तुझे पैसे?"

"कार्ड मागवायचं ठरलं तर तेव्हा बघू." चप्पल घालताना ती म्हणाली, "मी पहिलीच वाचली फक्त. बाकीच्या नाही."

दार लागलं. तो खुर्चीवर बसला आणि माउसने पिवळे चौकोन एकेक करून बाजूला मांडले. बायकोच्या लिहिण्याची धाटणी त्याला कुठेही ओळखू आली असती. लांबण नाही, एकेक वाक्य.

पहिलीवर होतं: "वरची ओळ उचलून खाली टाकतो आणि एखादा आकडा बदलायचा राहतो. पहिली फेरी आधी बघ."

दुसरी: "तीन आणि आठ."

तिसरी: "जेवणाआधीची पानं बरी. संध्याकाळची दोनदा बघ."

"रविवारच्या रांगेत शनिवार घुसतो."

"भांडण झालं असेल त्या दिवशीची पानं सगळी बघ."

"बारानंतर एक लिहितो, तेरा नाही."

आणि एकावर, सगळ्यांत जुनी तारीख असलेल्यावर: "तो पडला की दुरुस्त करून ठेवायचं. वाचनात सापडायला दोन-तीनच चुका सोडायच्या. सांगायचं नाही, चिडतो."

त्याने ती पुन्हा वाचली. मग उठून पाणी प्यायला, येऊन परत वाचली.

म्हणजे तो पडायचा त्या अर्ध्या तासात ती बातम्या वाचत नव्हती. त्याची पानं धुऊन काढत होती. वाचनाला बसायच्या आधीच निम्मं तपासून, दुरुस्त करून, वरून त्यालाच म्हणायची, आज पान स्वच्छ आहे हं. सहा वर्षं हे टेबलापलीकडे चाललं होतं, आणि त्याआधीची बारा वर्षं कागदावर काय करत होती कोण जाणे.

त्याला राग आला. दहा महिन्यांत पहिल्यांदा असा चांगला सणसणीत राग आला. "मला सांगायचं ना," तो मोठ्याने म्हणाला. "मी काय लहान मूल होतो?" समोर दोन स्क्रीन होत्या आणि त्यांच्यावरून कपाळ दिसत नव्हतं. भांडायला दुसरं माणूस लागतं. मग त्याच्या लक्षात आलं की चिडतो असं तिने लिहिलंय आणि आपण चिडलोय.

पहिल्या नोंदीकडे त्याने परत बघितलं. वरची ओळ उचलून खाली टाकतो. पहिली फेरी आधी बघ. अकरा नंबरची सकाळची पहिली बस. दहा नंबरच्या ओळीतला सहा दहा त्याने उचलून खाली टाकला होता आणि बदलायचा राहिला होता. पहारेकऱ्याच्या कपड्यातली ती बाई थांब्यावर उभी राहिली, त्याच्या किती तरी आधीपासून ही नोंद इथे होती. चार हातांवर, बटण बंद केलेल्या स्क्रीनवर.

त्याने पहिलं पान उघडलं.

बुधवारची उरलेली दुपार आणि गुरुवारची सकाळ त्याने नोंदींप्रमाणे पानं तपासली. आधी प्रत्येक पानाची पहिली फेरी. मग तीन आणि आठ. मग रविवारच्या रांगा. संध्याकाळी लावलेली पानं आठवून आठवून दोनदा बघितली. अकरा चुका निघाल्या. एकेक चूक सापडली की त्याला तिच्यासमोर पकडला गेल्यासारखं वाटायचं, आणि ते काही अगदीच वाईट नव्हतं.

पण वाचन राहिलंच होतं. वाचनाशिवाय पान तिने कधी जाऊ दिलं नसतं. दुरुस्तीवालीला बोलवावं असं त्याच्या मनात आलं. तिला दुकान होतं. मुलगी कामावर असणार. गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर तो पडला नाही. मूळ तक्त्यांचे कागद घेतले, फोन घेतला, आणि टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीवर बसला.

खुर्ची त्याच्या खुर्चीपेक्षा ठेंगणी होती. पाय ठेवायला डबा बरोबर तिथेच होता. समोर काळी स्क्रीन, आणि तिच्यावरून पलीकडे त्याच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीचा वरचा काठ. तिला एवढंच दिसायचं, आणि मध्ये त्याचं कपाळ. ते कसं दिसत असेल कोण जाणे.

फोन टेबलावर ठेवून त्याने आवाज टिपायचं बटण दाबलं आणि वाचायला लागला. "पान एक. मार्ग तीन. पाच चाळीस, पाच बावन्न, सहा चार." तिचं पेन तिथेच होतं. ओळ संपली की त्याने टक केलं. सुरुवातीला तो भरभर वाचत होता. मग आठवलं, ती कशी वाचायची, आकडा वाचून जरा श्वास घ्यायची, ऐकणाऱ्याचं बोट पोचायला वेळ द्यायची. तो तसं वाचायला लागला. पान संपल्यावर पुढचं घेणार, तेवढ्यात त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "शेवटची ओळ आली का?" उत्तराला जागा ठेवून त्याने थोडं थांबून बघितलं आणि पुढचं पान घेतलं.

एकेचाळीस पानं वाचायला पावणेतीन तास लागले. घसा कोरडा पडला.

मग तो वळसा घालून आपल्या खुर्चीवर आला, पान एक उघडलं, आणि फोन तिच्या बाजूला ठेवला, म्हणजे आवाज स्क्रीनच्या पलीकडून येईल. बोट पानावर ठेवलं.

"पान एक. मार्ग तीन," पलीकडून आवाज आला. आवाज त्याचाच होता, पण म्हातारा वाटत होता. तो बोट फिरवत गेला. टक. टक. पाचव्या पानापर्यंत सगळं जुळलं. सहाव्या वेळी आवाजात सात अठ्ठावीस आणि पानावर सात तेवीस.

"थांब," तो म्हणाला.

आवाज थांबला नाही. सात एकतीस, सात चाळीस, टक, पुढची ओळ, असा तो आपला वाचतच राहिला. त्याने हात वर केला होता, जसा तो नेहमी करायचा. तो हात तसाच वर राहिला. पान संपलं आणि पलीकडून आवाज आला, "शेवटची ओळ आली का?"

मग तो उठला, वळसा घालून गेला, फोन बंद केला, परत येऊन अठ्ठावीस केलं. "हं," म्हणाला. पुन्हा वळसा घालून आवाज थोडा मागे नेऊन सुरू केला. फोन आपल्या बाजूला घेतला असता तर हेलपाटे वाचले असते. ते त्याला सुचलं होतं. त्याने घेतला नाही.

बाराव्या पानाच्या शेवटी प्रश्न आला तेव्हा सवयीने तो म्हणाला, "आली गं बाई." मग त्याने बघितलं. आली नव्हती. शनिवारची रात्रीची शेवटची फेरी पानावर नव्हतीच. आवाजात ती वाचली गेली होती, पण तोपर्यंत पान संपलं असं धरून त्याने बोट उचललं होतं. पंचविसाव्या पानावरही तेच. चौतिसाव्यावरही. तीन पानांच्या तीन शेवटच्या ओळी.

पिवळ्या नोंदी त्याने पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचल्या. शेवटच्या ओळीबद्दल कुठेच काही नव्हतं. नसणारच. अठरा वर्षं ती दर पानाला विचारत होती, त्यामुळे ही चूक त्याच्या हातून कधी झालीच नव्हती. ही नवी होती. ती गेल्यानंतरची.

शुक्रवारी अकराला पानं गेली. दुपारी त्याला झोप लागली ती थेट संध्याकाळपर्यंत.

नऊ दिवसांनी कारकुनाचा फोन आला. "छापून लागली. आमच्या तपासनिसाने दोन दिवस लावले, एक चूक सापडली नाही त्याला. नाराज झालाय बिचारा."

"बरं झालं."

"कोणाला घेतलंत तपासायला? चांगला माणूस दिसतोय. सोडू नका."

"घरातलंच आहे," तो म्हणाला.

कारकुनाला ती ठाऊक होती. "बरं," म्हणाला. "उन्हाळ्याचे तक्ते मार्चात पाठवतो."

फोन ठेवून तो टेबलाशी आला. पलीकडची स्क्रीन होती तिथेच होती, तिची वायर मात्र आता कशालाच लागलेली नव्हती. जुनं कार्ड तिच्या पेनाशेजारी ठेवलं होतं, निळ्या लोकरीसकट. नवं मागवायचं की नाही हे अजून ठरत नव्हतं. दुरुस्तीवालीला तो बघतो म्हणाला होता. माउस डावीकडे ओढला तर बाण आता कडेशी जाऊन थांबत होता. पुढे जात नव्हता. तो रोज एकदा तरी ओढून बघायचा.

डाव्या स्क्रीनवर नोंदी ओळीने मांडलेल्या होत्या. त्याने कीबोर्ड पुढे घेतला. नवी नोंद कशी उघडायची हे शोधायला त्याला दहा मिनिटं लागली. पिवळा चौकोन उघडला, कोरा. त्यात स्वतःबद्दल 'मी' असं लिहावं की काय, यावर तो बराच वेळ अडला. मग तिने लिहिलं असतं तसंच त्याने लिहिलं.

"शेवटची ओळ विसरतो. विचारावं लागतं."